बाबांचं बोलणं वकिलाच्या तोंडी

१२ फेब्रुवारी

दादा,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून कागद बदलला नाही.

फोनवर मी चिडले की तुला लगेच ऐकू येईनासं होतं. "आवाज तुटतोय गं," म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून पत्र.

कोर्टाचा सगळा भाग आज सलग जोडून बघितला. तू शूटिंग संपवून त्या दुसऱ्या शहरात पुढच्या सिनेमाच्या तयारीला लागलास आणि हे सगळं माझ्या टेबलावर टाकून गेलास. जाताना म्हणालास, "कात्री, हे तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही." मला बरं वाटलं होतं. लहानपणी मी लोकांचं बोलणं मधेच कापायची म्हणून तू हे नाव ठेवलंस, आणि पुढे मी पोटासाठी तेच करायला लागले. पण आज जे बघितलं त्यानंतर वाटतंय, तू हे माझ्याकडे विश्वासानं दिलं नाहीस. घरातली बाई घरातलं झाकेल, असा तुझा हिशेब होता.

एक गोष्ट नीट सांग. वकिलाचं ते भाषण कुणी लिहिलं?

हिरो उठतो, बाही सारखी करतो आणि म्हणतो, "इथं बसलेले निम्मे लोक या माणसाच्या गाडीनं घरी जातात. तुमची पोरं हा शाळेत सोडतो. सकाळी तुम्ही याच्या पाठीमागे डोळे मिटून झोपता. तुमचा जीव याच्या हातात देऊन झोपता. आणि इथं आल्यावर हा खुनी?"

हे बाबांचं बोलणं आहे. शब्द न् शब्द बाबांचा आहे. तू फक्त 'मी'च्या जागी 'हा' केलंस.

तुला आठवण द्यायची गरज पडू नये, पण देते, कारण तुझ्या सिनेमात ते कुठं सापडत नाही. आपले बाबा सिटी बसचे ड्रायव्हर होते. एक म्हातारी गोरी बाई चढताना पायरीवरून पडली आणि दवाखान्यात गेली ती परत आली नाही. बस उभी होती. चाक हललं नव्हतं. मागच्या बाकांवरच्या काळ्या माणसांनी ते बघितलं होतं, त्यांना कोर्टानं बोलावलंच नाही. एका गोऱ्या तिकीट तपासनिसानं सांगितलं, बाईची ड्रायव्हरशी बोलाचाली झाली आणि त्यानं मुद्दाम गाडी पुढे घेतली. तेवढ्यावर बाबा सात वर्षं आत गेले. सरकारनं दिलेला वकील होता. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि तो खाली बसला. मग बाबा स्वतः बोलले. न्यायाधीश कारकुनाला म्हणाले, "हे लिहून घेऊ नका." म्हणून ते कुठल्याही कागदावर नाही. वरच्या गॅलरीत, जिथं काळ्यांना बसू देत, तिथं आई बसली होती. तिनं ते ऐकलं आणि आपल्याला सांगितलं. आपल्याकडे बाबांचं तेवढंच होतं, दादा. तू ते उचलून त्या गप्प बसलेल्या वकिलाला देऊन टाकलंस.

आणि देताना किती थाटामाटात दिलंस. वकील बोलतो तेव्हा कॅमेरा त्याच्या गुडघ्यापाशी असतो. तो खांबासारखा उंच दिसतो, मागे खिडकीतलं ऊन. बाबांकडे बघायची वेळ आली की कॅमेरा न्यायाधीशाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसतो आणि तिथून खाली बघतो. सगळी लाइट हिरोच्या गोऱ्या चेहऱ्याच्या हिशेबानं लावलेली. त्याच फ्रेममध्ये बाबांचं काम करणारे मास्तर बसलेत, त्यांचे डोळे आणि शर्टाची बटणं तेवढी दिसतात. बाकी अंधार. कॅमेरामनला फोन केला तर म्हणाला, "दोघं एकत्र असले की एकाला सांभाळावं लागतं ना." कुणाला सांभाळायचं हे त्याला कुणी सांगितलं होतं?

बाबांचा क्लोजअप कधी येतो माहितीये? वकील दम घ्यायला थांबतो तेव्हा. मास्तरांच्या डोळ्यात पाणी येतं, आणि त्या पाण्याचं काम एवढंच की वकील किती छान बोलला हे बघणाऱ्याला कळावं.

निर्मात्यांना तू अजून सांगितलेलं नाहीस ना, की हा खटला आपल्या घरातला आहे?

उत्तर पाठव.

कात्री


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. नीट टाइप केलेलं, परिच्छेद पाडलेले. एखाद्या समीक्षकाला लिहितोयस असं वाटलं.

तू लिहितोस, गोरे प्रेक्षक दोन तास एका काळ्या आरोपीकडे बघत बसणार नाहीत, त्यांना आत यायला त्यांच्यातलाच एक माणूस दारात उभा करावा लागतो. मान्य, तू धंदा जाणतोस. पण मग बाबांना कुठं उभं करणार? दारात जागा भरली, बाबा बाहेर. बाहेरच होते ते. त्यासाठी एवढा मोठा सेट कशाला लावलास?

तू लिहितोस, "शब्द लोकांपर्यंत पोचले, कुणाच्या तोंडून पोचले याला काय महत्त्व?" हे तू लिहिलंस? शाळेत तुझी कविता वर्गशिक्षकांनी दुसऱ्याच्या नावानं फळ्यावर लावली होती तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतास. आईनं विचारलं तर म्हणालास, माझं आहे ते. तेव्हा तू दहा वर्षांचा होतास आणि शहाणा होतास.

आणखी एक. मला ते सापडलं. पहिल्या दिवसाचं शूटिंग, ज्यावर तू 'वापरू नये' असं लिहून ठेवलंयस. त्यात ते बोलणं मास्तरांच्या तोंडी आहे. आधीच्या पटकथेत ते त्यांचंच होतं. एकच लांब टेक, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि लाइट अशी की चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. काळा रंग किती प्रकारचा असतो ते त्या टेकमध्ये दिसतं. म्हणजे तुला येतं, दादा. तुला येत नसतं तर मी इतकी चिडले नसते.

मास्तर परवा डबिंगला आले होते. शाळेत मुलांना नाटक शिकवण्यात त्यांची सगळी हयात गेली. पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर येतायत, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना काय काय डब करायचं ते मी दाखवलं. "हो साहेब." "नाही साहेब." एक उसासा. एक खोकला. ते मान हलवत राहिले, मग म्हणाले, "आणि माझं ते बोलणं?"

मी म्हटलं, "ते आता वकील बोलतात."

ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "ताई, मग मी नुसतं खोकायचंच का?"

ते आत गेले आणि खोकले. इतकं चांगलं खोकले की दुसरा टेक लागला नाही. मला त्या खोलीत बसवेना.

आई रोज विचारते, कुठवर आलं. मी सांगते, आवाजाचं काम चाललंय. तू म्हणालास आईला सांगू नकोस, म्हणून सांगितलेलं नाही. पण ही लाज तुझी आहे आणि वागवतेय मी.

कात्री


११ मार्च

दादा,

जे केलं ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. मी कोर्टाचा भाग दोन प्रकारे जोडला. एक तुझा. एक मास्तरांचा.

मास्तरांच्या भागात वकील दोन प्रश्न विचारून खाली बसतो. मग मास्तर उठतात आणि तो पहिल्या दिवसाचा टेक येतो. मधे मी कुठंही कापलेलं नाही. संगीत नाही. न्यायाधीशाचा नुसता आवाज येतो, ते दिसत नाहीत. एवढे दिवस बाबा फ्रेमच्या बाहेर होते, थोडा वेळ त्यांनीही राहावं. कारकुनाच्या पेनाची खरखर आधीपासून चालू ठेवलीय, इतकी बारीक की कान सरावतो. "हे लिहून घेऊ नका" आलं की ती थांबते. त्यानंतर मास्तर बोलत असतात आणि पेन गप्प असतं. बस, एवढंच.

निर्मातेसाहेब काल बघायला आले. दोन्ही दाखवले. माणूस वाईट नाही, त्याचाच राग जास्त येतो. मास्तरांचा भाग संपल्यावर ते खरंच हलले होते. म्हणाले, "जबरदस्त आहे. अंगावर आलं."

मी म्हटलं, "मग हाच ठेवू या."

"ठेवू या, पण हिरो कुठंय यात?"

"तो बसलाय. खरा वकील बसलाच होता."

"असेल हो. पण मॅडम, लोक घरी जाताना काय घेऊन जाणार? तुमच्या भागात त्यांना अपराधी वाटतं. दिग्दर्शकांच्या भागात त्यांना चांगलं वाटतं. तिकीट काढून कुणी अपराधी वाटून घ्यायला येतं का?"

मी म्हटलं, "माणूस सात वर्षं आत गेला. कुणाला चांगलं का वाटावं?"

ते हसले. म्हणाले, "तुम्ही फार मनावर घेता. जणू तुमच्याच घरचं आहे."

तोंडाशी आलं होतं, दादा. गिळलं. तुला दिलेला शब्द म्हणून गिळलं. आडनाव बदललंस तेव्हा आई म्हणाली होती, पोराला काम मिळू दे, खुन्याचा मुलगा म्हणून दारातून परत येतो. म्हणून आम्ही दोघी गप्प राहिलो. गप्प राहायची सवय इतकी झालीय की काल एक अनोळखी माणूस माझ्या बापाविषयी माझ्यासमोर हसला आणि मी त्याला चहा विचारला.

चहा झाल्यावर मी सांगितलं, वकिलाचं भाषण माझ्या हातून जोडलं जाणार नाही. ते म्हणाले, दिग्दर्शकाशी बोलतो.

आता तू काय बोलतोस ते बघू.

कात्री


१४ मार्च

तू बोललास.

"ती भावनेच्या भरात आहे, दुसरा माणूस घ्या." त्यांच्या मॅनेजरनं मला तुझं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, बिचारा वाचताना माझ्याकडे बघत नव्हता. उद्या दुपारी दुसरा एडिटर येऊन सगळं ताब्यात घेणार आहे. चांगला मुलगा आहे म्हणे. हिरोचे सिनेमे तोच जोडतो.

भावनेच्या भरात. बाबांबद्दलही पेपरात असंच काहीसं आलं होतं ना? आरोपीचा तोल गेला.

तर आज सकाळी मी आईला घेऊन स्टुडिओत गेले. तिला सगळं सांगितलं. तुझी शपथ मोडली, काय करायचं ते कर.

तिला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. आधी तुझा भाग लावला. हिरो उठला, बाही सारखी केली, बोलायला लागला. आई पडद्याकडे वाकून बघत होती. अर्ध्यात मला म्हणाली, "हा कोण?"

"वकील."

"कुणाचा?"

"बाबांचा."

"तो तर खिडकीतून बाहेर बघत होता गं. त्याला जेवायला जायचं होतं." मग भाषण संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मुलगा बोलतो छान. पण याला काय होतंय बोलायला? याला कुठं घेऊन जाणार आहेत?"

मला तिथंच तुला फोन लावावासा वाटला. नाही लावला.

मग मी माझा भाग लावला. मास्तरांचा. मला वाटलं होतं ती रडेल. मी पाण्याचा ग्लाससुद्धा भरून ठेवला होता. मास्तर उठले, शांतपणे, एकेक शब्द जपून बोलले. पेन थांबलं. संपलं. मी विचारलं, "कसं वाटलं?"

ती म्हणाली, "हेही नाही."

"म्हणजे?"

"असे कुठं बोलले ते? एवढं हळू? ओरडले ते. घसा फाटेपर्यंत ओरडले. कठड्यावर मूठ आपटत होते, हात सोलवटला. त्या तपासनिसाला शिवी दिली. न्यायाधीश म्हणाले, लिहून घेऊ नका, तेव्हा कारकुनाला म्हणाले, 'का नको? हात दुखतो का तुझा?' दोन शिपायांनी धरलं त्यांना. तोंड दाबलं. शेवटचं तोंडावरच्या हातामागून बोलले, मला वरून नीट ऐकूही आलं नाही."

मी म्हटलं, "पण तू आम्हाला असं कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही लहान होता. शाळेत पोरं तुम्हाला चिडवायची. मला वाटलं, बाप शांतपणे बोलला असं सांगितलं तर तुम्हाला मान वर करून जाता येईल." मग म्हणाली, "तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. वाटलं, गप्प बसले असते तर कमी शिक्षा झाली असती. नंतर बघितलं, गप्प बसलेल्यांनाही तेवढीच होत होती."

दादा, मी महिनाभर तुला शिव्या घालत होते की तू बाबांना गप्प केलंस. आणि मीही त्यांना सभ्य करून टाकलं होतं. रडवेला, नम्र, बघून दया यावी असा. डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, बारीक लाइट, सगळं कसं छान. त्यांच्यावर अन्याय झाला हे पटायला त्यांनी आधी शहाण्यासारखं वागून दाखवावं, ही अट मीसुद्धा घातलीच होती. तुझ्यावरचा राग त्यानं कमी झालेला नाही, लक्षात ठेव. फक्त आता त्यात मी पण आहे.

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "मी दिग्दर्शकांना विचारलं होतं, ओरडू का? ते म्हणाले, नको, ओरडलात तर लोक घाबरतील."

खरंय का हे?

उद्या चाव्या देऊन टाकते.

कात्री


३ जून

दादा,

पहिल्या खेळाची दोन आमंत्रणं तूच पाठवलीस की ऑफिसातून चुकून आली, हे मला माहीत नाही. आई म्हणाली, जायचं. तिनं चांगलं पातळ नेसलं, केस नीट बांधले. आम्हाला मागच्या रांगेत जागा होती. तू पुढे कुठं दिसला नाहीस.

तू तिथं होतास हे मला नंतर कळलं, तरी काय झालं ते लिहिते. तुला आतून किती दिसलं, माहीत नाही.

सिनेमा चांगला झालाय. खोटं बोलणार नाही. लोक गप्प बसून बघत होते. कोर्टाचा भाग आला, हिरो उठला. व्हायोलिनं सुरू झाली. "इथं बसलेले निम्मे लोक..." आणि आई उभी राहिली.

मी हात धरला, तिनं सोडवला. आधी हळूच म्हणाली, "हे यानं नाही म्हटलं." शेजारच्या बाईनं शू केलं. मग आई मोठ्यानं म्हणाली, "हे यानं नाही म्हटलं. हे माझ्या नवऱ्यानं म्हटलं." पुढून लोक वळून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, आजी, बसा. दारावरचा माणूस टॉर्च घेऊन आला, तिच्या तोंडावर उजेड टाकला. वर पडद्यावर हिरो बोलतोय, आवाज एवढा मोठा की आईचं तोंड हलताना दिसतंय आणि ऐकू काहीच येत नाही. मला वाटलं, झालं, परत तेच.

आणि सिनेमा थांबला. हिरोचं तोंड उघडंच राहिलं, मग पडदा पांढरा झाला. दिवे लागले. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सगळ्यांना वाटलं मशीन बिघडलं.

आईला त्याचं काही नव्हतं. तिचं आता लोकांना ऐकू जात होतं, तिनं बोलून घेतलं. सगळं. शिवीसकट. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटून. "का नको? हात दुखतो का तुझा?" हे तिनं निर्मातेसाहेबांकडे बघून म्हटलं, ते बिचारे उभे होते, त्यांना वाटलं त्यांनाच विचारतेय. मग म्हणाली, "हा सिनेमा माझ्या मुलानं काढलाय. आणि तो माणूस त्याचा बाप होता." आणि खाली बसली. पाणी मागितलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही लोक उठून गेले. एक तरुण बाई येऊन आईच्या पायाशी जमिनीवर बसली. थोड्या वेळानं सिनेमा पुढे सुरू झाला, भाषणाच्या पुढून. आम्ही निघालो.

बाहेर जिन्यात मशीन चालवणारा माणूस बिडी ओढत होता. मी विचारलं, मशीन काय झालं होतं? म्हणाला, "मशीनला काय धाड भरलीय? दिग्दर्शक वर आले धावत, म्हणाले थांबव. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच बंद केलं. मग तिथंच स्टुलावर बसले, खिडकीतून बघत."

मी वर गेले. स्टूल रिकामं होतं.

पळून का गेलास? आई जिन्यापाशी उभी होती.

कात्री


१९ जून

दादा,

जाहिरात बघितली असशीलच. मोठ्या चौकात लावलीय, दोन मजली. आईचा फोटो. कुणीतरी त्या दिवशी मोबाइलवर काढलेला, तोंड उघडं, मूठ वर. खाली लिहिलंय, "खऱ्या नायकाच्या पत्नीलाही अश्रू आवरले नाहीत." आणि शेजारी हिरो, तिच्याहून चौपट मोठा, तिच्याकडे करुणेनं बघतोय. दोन फोटो जवळ चिकटवले की एकमेकांकडे बघतात, हे आमच्या धंद्यातलं पहिल्या दिवशी शिकवतात. पण चिडलेल्या बाईखाली 'अश्रू' लिहिलं की लोकांना खरंच अश्रू दिसतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. आमच्या कोपऱ्यावरची दुकानदारीण आईला म्हणाली, "फार रडलात का हो?" आई म्हणाली, "मी रडले नाही, मी भांडले." ती म्हणाली, "तेच ते."

सिनेमा जोरात चाललाय. दिवसातून चार वेळा तो वकील बाबांचं बोलतो आणि लोक डोळे पुसत बाहेर येतात.

आणि काल पेपरात तुझं पत्र आलं. मी आईला वाचून दाखवलं. "जाहिरातीतली बाई रडत नाही. ती माझी आई आहे आणि ती माझ्यावर चिडलेली आहे. सिनेमातल्या वकिलाचं भाषण त्या वकिलानं कधी केलं नाही. ते माझ्या वडिलांचं आहे. मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं." आणि खाली तुझं जुनं आडनाव. आईनं त्या आडनावावर बोट ठेवलं आणि मला ते पुन्हा वाचायला लावलं.

ऐकलं की पुढचा सिनेमा तुझ्या हातून गेला. वाईट वाटलं म्हणणार नाही. वाटलं, पण म्हणणार नाही.

एका पेपरातल्या पत्रानं फिटलं असं मात्र समजू नकोस. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, तो सिनेमा राहणार आहे. उद्या एखाद्या शाळेत मुलांना दाखवतील आणि सांगतील, बघा, अन्याय असा असतो आणि चांगली माणसं अशी बोलतात. म्हणून तू त्या पत्राची प्रत मला पाठवून "आता काय करू?" विचारलंस, त्याचं उत्तर देते.

मास्तरांच्या शाळेचा हॉल सुट्टीत रिकामा असतो. बाकं आहेत, वर गॅलरी आहे. कॅमेरामन स्वतःहून म्हणाला, मी येतो, या वेळी लाइट आधी मास्तरांना लावतो. त्याला त्या फ्रेमची लाज वाटतेय, वाटू दे. पूर्ण सिनेमा नको. नुसतं ते बोलणं, जसं झालं तसं. आईचं म्हणणं आहे की कॅमेरा वर गॅलरीत ठेवायचा, ती बसली होती तिथं. मी म्हटलं, तिथून चेहरा नीट दिसणार नाही. ती म्हणाली, "मला तरी कुठं दिसला?" यावर तुमचं काय ते तू आणि आई भांडून ठरवा, मी जोडून देईन.

सध्या आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी तालीम चालते. मास्तर येतात, ओट्याचा कठडा करतात. इतकी वर्षं मुलांना स्पष्ट उच्चार शिकवल्यामुळे त्यांना शिवी नीट देता येत नाही. आई त्यांना शिकवतेय. "असं नाही हो, पोटातून. तुम्ही काय हजेरी घेताय?" काल ते एकदम असे ओरडले की कपबशी खाली पडली, आणि शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या. मास्तर घाबरून थांबले.

आई म्हणाली, "थांबू नका. त्यांना जरा अजून ऐकू जाऊ दे."

सोमवारपर्यंत ये. दार मी उघडीन.

तुझी बहीण